समेच्या आधी

गल्लीत पाण्याचा टँकर शिरला तशी फडताळातली भांडी किणकिणली. सिंधुबाई भाकरी तव्यावर तशीच टाकून चौकटीत येऊन उभ्या राहिल्या, आणि पलंगावर वाचत पडलेल्या विशाखाचा तळहात आपोआप भिंतीला लागला. लातूरकडे ज्यांनी त्र्याण्णव सालचा भूकंप पाहिला त्यांच्या अंगात हे मुरूनच गेलेलं असतं. आधी चौकट, आधी भिंत, विचार मागाहून. टँकर पुढं सरकला, भांडी गप्प झाली, भाकरीचा करपट वास घरभर पसरला. आपण काय केलं हे मायलेकींच्या लक्षात आलं. मधल्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या आप्पांचे हात मात्र थांबले नव्हते. कानांवर भलेमोठे हेडफोन, समोर पाटावर ते काळं यंत्र, यंत्रावर चार ओळींत चार-चार रबरी बटणं, आणि त्या बटणांवर दोन्ही हातांची बोटं शेंगा सोलल्यासारखी झरझर चाललेली. बाहेरून ऐकणाऱ्याला फक्त रबरावरची टकटक. "टँकर हाय, टँकर," ते मोठ्यानं म्हणाले. हेडफोन लावला की त्यांना वाटायचं, सगळं जगच बहिरं झालंय. "जा, भाकर बघ."

"मला ऐकू येतंय. वरडू नका. वरच्या पोरींचा पेपर हाय उद्या," सिंधुबाई म्हणाल्या आणि करपलेली भाकरी स्वतःच्या ताटाला लावायला निघून गेल्या.

वरच्या पोरी म्हणजे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, डॉक्टर व्हायला निघालेल्या मुली. कोणी देगलूरची, कोणी किनवटची, कोणी पार परभणीकडची. आप्पांनी, म्हणजे पंचाक्षरी मास्तरांनी, निवृत्तीनंतर हे घर घेतलं तेव्हा गल्लीच्या शेवटाला ज्वारीचं रान होतं. मग क्लासेसचं वारं सुटलं. ट्यूशन एरिया सरकत सरकत गल्लीच्या तोंडाशी आला, घरांवर मजले चढले, मजल्यांच्या खोल्या झाल्या, खोल्यांचे प्लायवूड लावून अर्धे-अर्धे भाग झाले आणि प्रत्येक भागात एक खाट, एक टेबल, एक दिवा आणि एक मूल येऊन बसलं. इतकी मुलं असलेली आणि इतकी गप्प असलेली गल्ली विशाखानं दुसरीकडं कुठं पाहिली नव्हती. लग्नाच्या वराती मागच्या रस्त्यानं जायच्या. भाजीवाला भोंगा बंद करून दारोदार विचारायचा. अशा गल्लीत तबला कसा वाजणार? कुणा एका पालकानं हात जोडून सांगितलं होतं, मास्तर, तुमचं वाजवणं लई गोड हाय, पण पोरीचं हे शेवटचं वर्ष हाय. आप्पांनी त्याच संध्याकाळी तबला-डग्ग्याला खोळ घातली आणि जोडी कपाटावर ठेवून दिली. शेवटचं वर्ष दरवर्षी कुणाचं ना कुणाचं असायचंच. त्यांच्या भजनी मंडळाचं भजन सोमवारी मठात व्हायचं तेवढ्यापुरतीच ती जोडी खाली उतरे.

म्हणून विशाखानं हे यंत्र मागवलं होतं. ती नांदेडला कॉलेजात मराठी शिकवायची, एकटी राहायची, शनिवारी दुपारी अहमदपूरमार्गे एसटीनं लातूरला यायची आणि रविवारी संध्याकाळी परत जायची. यंत्रातलं तिला काही कळत नव्हतं, पण वाचण्याचा कंटाळा नव्हता. दिलेलं इंग्रजी माहितीपुस्तक तिनं एखादा अवघड ग्रंथ लावावा तसं लावलं आणि आप्पांना मराठीत समजावून सांगितलं. मे महिन्यात मुली गावी गेल्या तेव्हा आप्पांनी खोळ काढून आपल्याच तबल्याचे बोल एकेक करून त्यात भरले. ना. तिं. तूं. पंखा बंद, खिडक्या बंद, घामाच्या धारा, आणि फोनवर नांदेडहून विशाखा सांगतेय, "आता लाल दिवा लागला का? मग वाजवा." पुढं कोणतं बटण कुठल्या बोलाचं हे बोटांना आठवड्याभरात पाठ झालं. उजव्या बाजूची बटणं तबल्याची, डाव्या बाजूची डग्ग्याची.

अडलं होतं ते वेगळंच. त्या यंत्रात एक सोय होती. एक आवर्तन वाजवून ते पकडून ठेवायचं. मग यंत्र ते गोलगोल फिरवत राहतं आणि त्यावर आपण हवं ते वाजवायला मोकळे. पण पकड म्हणून सांगायला बटण दाबावं लागे, आणि तबलजीचे दोन्ही हात तर कामात. एक हात उचलला की ठेका तुटला. त्यासाठी पायानं दाबायचा एक खटका मिळत असे, तोही तिनं मागवला. पण तो होता खुर्चीवर बसून वाजवणाऱ्यांसाठी. मांडी घातलेल्या माणसाचा पाय कुठं मोकळा असतो? दोन रविवार आप्पांनी विचार केला. मग त्यांनी जुन्या पंचात तो खटका गुंडाळला आणि उजव्या गुडघ्याखाली सरकवला. गुडघा किंचित दाबला की खटका बसे. हात आपले चालूच.

"गुडघ्यानं तबला वाजिवणारा सगळ्या जिल्ह्यात एकच," सिंधुबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मंडळातले पेटीवाले गुंडप्पा काका एकदा बघायला आले, बराच वेळ यंत्राभोवती फिरले आणि म्हणाले, "पंचाक्षरी, भजनाला याला बी बोलवावं का? पण ह्याला नारळ द्यायचा का टावेल?"

तरीही जमत नव्हतं. आप्पा बरोबर समेवर खटका दाबत, आणि यंत्र त्यांचं ऐकत नसे. सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. सगळं फिरून जिथं यायचं ती जागा. साठ वर्षांची त्यांची सम, केसाइतकीही हलायची नाही. पण समेवर दाबलं की यंत्र ते आवर्तन सोडून द्यायचं आणि पुढच्या समेपर्यंत वाट बघत बसायचं. मग पकडलेलं आवर्तन भलतंच असायचं, आणि आप्पा कपाळाला हात लावायचे.

"ह्याला माझी सम दिसत न्हाई का दिसून बी दाखवत न्हाई?" टँकर आला त्या रविवारी हेडफोन मानेवर उतरवून त्यांनी विचारलं.

विशाखा पुस्तक मिटून त्यांच्याजवळ सतरंजीवर येऊन बसली. तिनं माहितीपुस्तकातलं ते पान परत काढलं. "आप्पा, समेवर नाही दाबायचं. समेच्या आधी दाबायचं. मात्रा-दोन मात्रा शिल्लक असताना. आधी सांगितलं की मग ते बरोबर समेपासून धरतं."

"सम यायच्या आधी सम आली म्हणून कसं सांगू? खोटं हाय की ते."

"खोटं नाही. येणार आहे, एवढंच सांगायचं."

आप्पांनी बोटांवर मात्रा मोजून पाहिल्या. मग त्यांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले. टकटक सुरू झाली. विशाखा गुडघ्याकडे बघत होती. पांढऱ्या धोतराखाली तो गुडघा आधी हललाच नाही, एक आवर्तन, दोन आवर्तनं. मग एकदा किंचित दबला, शेजारच्याला कळू नये इतका. हात तसेच चालले. लाल दिवा लागला, विझला, हिरवा लागला. आप्पांनी बोटं वर उचलली. हवेत धरलेले दोन्ही तळवे, आणि चेहऱ्यावर असं काही, जणू उद्याच्या पेपरातल्या सगळ्या पोरी पास झाल्यात.

"धरलं," ते ओरडले. "सिंधू, धरलं त्यानं!"

"आता धरलंय तर सोडू नका," आतून आवाज आला.

विशाखाला आनंद झाला, आणि आनंदाच्या पाठोपाठ ती जुनी ठसठस आली. यंत्राचं तिनं त्यांना नीट समजावून सांगितलं होतं. पण एक गोष्ट अशी होती की जी समजावायचीही नव्हती, नुसती सांगायची होती, आणि ती राहून राहून राहूनच गेली होती. ती गोष्ट इतकी लहान होती की एखाद्या रविवारी मुद्दाम बसून सांगावी तर हसू यावं. आणि इतकी जुनी की आता कुठून सुरू करावी ते कळू नये.

त्र्याण्णव साली आप्पा औसा तालुक्यातल्या एका गावी मास्तर होते. विशाखा नऊ वर्षांची. ते तिघं शाळेच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे म्हणून वाचले. गावातली दगडमातीची, डोक्यावर मातीचं ओझं घेतलेली माळवदं बसली ती माणसांना घेऊनच बसली. त्या पहाटेचं तिला फार थोडं आठवतं. आठवतो तो आवाज. जमिनीच्या पोटातून आलेला, कानाला ऐकू येण्याआधी पोटाला कळणारा. पुढं कितीतरी दिवस तो अधूनमधून यायचा. माणसं शेडमध्ये, ताडपत्रीखाली बसलेली असत; जमीन गुडगुडली की बोलता बोलता गप्प व्हायची, पुन्हा गुडगुडते का ते ऐकायची, आणि मग वाक्य जिथं सोडलं तिथून उचलायची. थंडी सुरू झाली तेव्हा गावानं गेलेल्यांसाठी भजन ठेवलं. आप्पांनी कुठूनतरी तबला-डग्गा आणला. जोडी सुरात लावून त्यांनी डाव्या तळव्यानं डग्ग्यावर पहिला 'घे' दिला. मनगट दाबत नेऊन काढलेला तो घुमारा जमिनीवरून सरकत विशाखाच्या पोटात शिरला आणि ती किंचाळली. थांबेचना. सिंधुबाईंनी तिला छातीशी धरून शेडबाहेर नेलं, तरी ती किंचाळत राहिली. आत भजन थांबलं. थोड्या वेळानं परत सुरू झालं तेव्हा नुसता तबला वाजत होता. ना, तिं, ना. वरवरचे, कोरडे, जमिनीशी काही देणंघेणं नसलेले बोल. डग्ग्यावर आप्पांनी उपरणं टाकलं होतं, आणि उपरण्यावर डावा हात नुसता ठेवला होता, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा.

तेव्हापासून ती जिथं असेल तिथं डग्गा वाजला नाही. याची कधी चर्चा झाली नाही. घरात कुणी तसा नियम केला नाही. ती शाळेतून आली की ठेक्यातून डावा हात निघून जायचा, एवढंच. आपला बाप उजव्या हाताचाच तबलजी आहे असं तिला कॉलेजात जाईपर्यंत वाटायचं; गुंडप्पा काका चिडवायचे, "पंचाक्षरी, तुझा डावा हात संपावर गेला का रे?" आणि आप्पा हसून म्हणायचे, "त्याच्या मागण्या मान्य झाल्या की यील." मागण्या कुणाच्या आणि मान्य कुणी करायच्या, हे तिला समजलं ते फार उशिरा, आणि समजलं तेव्हा ती नांदेडला होती. नोकरीचं दुसरं वर्ष असेल. गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीत तिची खोली होती. एका संध्याकाळी पायांना बरं वाटावं म्हणून ती डोक्यावर ओढणी घेऊन आत जाऊन बसली. कीर्तन चाललं होतं. पगडीवाल्या तरुण तबलजीचा डावा हात विलक्षण भारी होता; भिंतीवरच्या कर्ण्यांतून तो घुमारा संगमरवरावर उतरत होता, फरशीतून तिच्या मांडीत, मांडीतून पोटात. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं, आपण ऐकतोय. किंचाळलो नाही, उठलो नाही. उलट तो पुढचा घुमारा कधी येईल याची वाट बघतोय. भीती कधी गेली? कुठल्या वाटेनं गेली? घरातलं एखादं जुनं भांडं नाहीसं व्हावं आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागू नये, तशी ती गेली होती. या शनिवारी आप्पांना सांगू, असं तिनं ठरवलं. शनिवारी ती गेली तेव्हा सिंधुबाईंना ताप होता. पुढच्या शनिवारी आणखी काही. मग सांगण्याची एक वेळ टळून गेली की सांगणंच थोडं ओशाळवाणं होतं. तिनं पुढं कितीतरी पुस्तकं वाचली, माणसांनी एकमेकांना न सांगितलेल्या गोष्टींवर वर्गात तास-तास बोलली, आणि आप्पा शनिवार-रविवार डावा हात मांडीवर ठेवून तबला वाजवत राहिले.

"ऐक," आप्पा म्हणाले आणि त्यांनी हेडफोन तिच्या कानांवर चढवला. त्यांच्या कानांची ऊब त्याला अजून होती. आत ठेका फिरत होता. भजनी ठेका, मध्यलय, स्वच्छ, उजव्या हाताचा. कुठंही सांधा दिसत नव्हता. शेवटची मात्रा संपते कुठं आणि सम सुरू होते कुठं, काही कळत नव्हतं. वाजवताना तिनं त्यांची डावी बोटंही रबरावर पडताना पाहिली होती. पण हेडफोनात डग्गा नव्हता. हाताची जुनी सवय असेल, तिला वाटलं, उपरण्यावर ठेवायचे तसा. आता म्हणावं. हेडफोन काढून म्हणावं, आप्पा, याला डग्गा पण हवा. एवढं एक वाक्य. आप्पा तिच्या तोंडाकडं बघत होते. मास्तर होते ते, पाटीवर मुलानं काय लिहिलंय हे पाटी उलटी धरली तरी वाचणारे. त्यांनी विचारलं, "बरं हाय का?"

"छान झालंय," विशाखा म्हणाली.

"हां," आप्पा म्हणाले. अजून थोडं थांबले. मग त्यांनी हेडफोन परत घेतला.

संध्याकाळी ते तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. ती रिक्षात बसल्यावर म्हणाले, "पुढच्या बारीला पेटी उतरवू. तू पेटी वाजव, मी याला गुडघ्यानं हाकतो." ती हसली. एसटी अहमदपूरच्या पुढं गेल्यावर अंधार पडला. खिडकीच्या काचेत स्वतःचा चेहरा बघत ती मनातल्या मनात ते वाक्य म्हणून बघत होती, आणि पुढच्या शनिवारचा दिवस त्याला चांगला होता.

मंगळवारी दुपारी जेवण करून आप्पा आडवे झाले ते उठले नाहीत. सिंधुबाई चहा घेऊन उठवायला गेल्या होत्या. विशाखा पोचली तेव्हा अंगणात मांडव घातला होता आणि आप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्याकडं, लिंगायतांत, माणसाला निजवून नेत नाहीत, बसवून नेतात. मांडी घातलेली, कपाळाला विभूती, गळ्यात फुलं, बेल. ती समोर जाऊन बसली आणि तिला रडू येण्याआधी वेगळंच वाटलं: वाजवायला बसलेत. आता कुणीतरी पुढ्यात जोडी ठेवायची तेवढी राहिलीय. मंडळाची माणसं दोन ओळींनी बसली होती. गुंडप्पा काकांनी पेटीचा भाता उघडला, टाळ वाजायला लागले. पण तबल्याच्या जागी कुणी नव्हतं, कारण मंडळाचा तबलजी तर भिंतीपाशी बसला होता. ठेक्यावाचून भजन जरा पुढं पळायचं, जरा मागं रेंगाळायचं. काका मधेच गायचे थांबले आणि आप्पांकडं बघून अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बघ की रे, कशी ओढाताण चाललीय आमची." आणि पुढची ओळ त्यांनी रडतच उचलली.

शिवगणाराधनेचा शेवटचा विधी झाला, पाहुणे पांगले. विशाखानं कॉलेजात रजा लांबवली आणि लातूरला राहिली. आणि तिचं तिलाच नवल वाटलं, ते दिवस वाईट नव्हते. दुःख होतं, पण ते घरातल्या एखाद्या माणसासारखं होतं. सकाळी उठायचं, चहाला बसायचं, दुपारी थोडं निजायचं. सिंधुबाई तिला तूर निवडायला बसवत आणि आप्पांच्या तक्रारी सांगत. कसे चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधायचे. कसे वरच्या पोरींना 'डॉक्टरीणबाई' म्हणून हाक मारायचे आणि जी नापास होईल तिला दुप्पट मानानं. मायलेकी हसत, मग परत निवडायला लागत. मधल्या खोलीतलं यंत्र मात्र विशाखानं हलवलं नव्हतं. त्या रविवारचा ठेका त्यात होता. तिनं एकदा ते सुरू करून तो ठेका दोन ठिकाणी जपून ठेवला, हेडफोन लावून दोन आवर्तनं ऐकली आणि बंद केलं. तिला त्यात सांगायचं राहिलेलं ऐकू येत होतं. कुणाला सांगणार होती ती आता?

एका दुपारी सगळ्या मुली क्लासला गेलेल्या असताना शिवांगी जिन्यावरून खाली आली. देगलूरची, चष्मेवाली, अंगात कणकण होती म्हणून थांबली होती. गरम पाणी मागायला आली आणि मधल्या खोलीच्या दारात थबकली.

"काय करून राहिलात, ताई? आजोबांची मशीन लावून राहिलात का?"

"नाही गं. पुसत होते."

"मागं मला टायफाईड झाला तवा मी आठवडाभर रूमवरच होते. दुपारी आजोबा वाजवायचे, तवा माझी खाट हलायची, खरंच. लई भारी. असं हितं लागायचं." तिनं पोटावर हात ठेवला. "म्या मम्मीला फोनवर ऐकिवलं."

विशाखानं पुसायचं फडकं खाली ठेवलं. "खाट हलायची? हेडफोन नव्हता लावलेला?"

"दुपारी न्हाई. तो मोठा स्पीकर लावायचे. घर रिकामं ऱ्हायचं ना."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. सिंधुबाई पदराला हात पुसत आल्या. "तू जा, पाणी ठेवलंय, घे," त्या शिवांगीला म्हणाल्या. ती गेल्यावर त्या सतरंजीच्या कडेला बसल्या आणि लेकीकडं न बघता बोलायला लागल्या. "सोमवार ते शुक्रवार रोज. जेवणं झाली, पोरी गेल्या की चालू. दोन्ही हातांनी. मी म्हणायची, मास्तर, भिंती नव्या हायेत, जरा दमानं. कसलं काय. डाव्या हातानं तर असं धरायचे की ताटल्या बोलायच्या. आन् शुक्रवारी सांजच्याला ती डावीकडची बटणं मुकी करून ठिवायचे. उद्या विशाखा येनार म्हणून."

"मुकी करून?"

"मुकी. वाजिवली तरी आवाज येऊ नये अशी. तूच म्हणं शिकिवलतंस त्यांला फोनवर, कुठला आवाज कसा बंद करायचा."

शिकवलं होतं. उन्हाळ्यात कधीतरी. कशासाठी हवंय हे तिनं विचारलं नव्हतं.

"मी भांडले हो त्यांच्याशी," सिंधुबाई म्हणाल्या. "म्हणलं, पोरगी चाळिशीला आली, कॉलेजात शिकविती, एकली ऱ्हाती, ती काय आता डग्ग्याला भिती का? विचारा की तिला. तर म्हणले, न्हाई. इचारलं तर ती हो म्हणंल, बापाचं मन राखायला. भीती गेली की आपली आपण सांगंल ती. तवर उजव्यानं काय अडतंय?"

विशाखाला हसू आलं. ते आधी आलं, आणि मग त्याच्या आतून दुसरं आलं, आणि दोन्ही एकदमच तोंडावर राहिलं. इतकी वर्षं ती ज्याला उपवास समजत आली होती तो उपवास नव्हताच! सोमवार ते शुक्रवार बाप पोटभर जेवत होता. या मुक्या गल्लीत, भर दुपारी, चोरून, खाटा हलवत. त्याचा डावा हात कुठंही गेला नव्हता. फक्त शनिवारी दुपारी एसटी स्टँडवर लागायच्या वेळेला तो बाजूला सरकून बसत होता. तिच्या छातीवरचं काहीतरी मोठं उतरलं. पण सगळं उतरलं नाही. एक वाक्य शिल्लक होतंच, आणि ते तिच्याकडं होतं. आप्पांनी ते मागितलं नव्हतं. रविवारी हेडफोन तिच्या कानांवर ठेवून ते थांबले होते, आणि तिनं 'छान झालंय' म्हटलं होतं.

"मी पडते जरा," सिंधुबाई म्हणाल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून आत गेल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं.

विशाखा यंत्रासमोर बसली. मांडी घातली. पंचात गुंडाळलेला खटका गुडघ्याखाली आला तेव्हा टोचला. आप्पांचा गुडघा तिच्याहून रुंद होता. तिनं हेडफोनची तार काढून स्पीकरची जोडली. ठेका सुरू झाला आणि खोली भरली. उजवा हात. ना, तिं, ना. त्यांची बोटं नसताना त्यांच्या बोटांचा आवाज आपला फिरत होता. समेवर येत होता, समेवरून निघत होता, कशालाच घाई नाही. तिनं आधी नुसतं ऐकलं. मग उजव्या बाजूच्या एका बटणावर बोट ठेवून त्याच्याबरोबर चालून बघितलं, चुकली, परत लागली. चुकीच्या जागी गुडघा दबला, लाल दिवा लागला, आणि तिचं ते वेडंवाकडं ना-ना-ना पुढच्या फेरीत आप्पांच्या ठेक्यावर चढून बसलं. आतून सिंधुबाई म्हणाल्या, "हे कोण नवीन?" तिनं हसत ते पुसलं. ठेका तसाच चालू होता; तिच्या चुकण्यानं त्याला कुठं खरचटलंही नव्हतं.

आता डावी बाजू राहिली होती. पडद्यावर त्या बटणांपाशी आडवी रेघ मारलेला कर्णा दिसत होता. माहितीपुस्तक तिनं नीट वाचलेलं होतं. आवाज मुका केला तरी वाजवलेलं यंत्र धरून ठेवतं, हे तिला माहीत होतं. त्या रविवारी आप्पांची डावी बोटं रबरावर पडताना तिनं डोळ्यांनी पाहिली होती. म्हणजे ते सगळं इथंच होतं, त्याच आवर्तनात, उजव्या हाताच्या शेजारी, नुसतं मिटलेलं. एक बटण दाबायचं. तिनं बोट त्याच्यावर ठेवलं आणि तिला दाबता येईना. हे असं न सांगता उघडणं म्हणजे त्यांच्या माघारी त्यांच्या खोलीत शिरण्यासारखं होतं. ते इतकी वर्षं थांबले ते कुणी येऊन हळूच बटण दाबावं म्हणून नव्हे.

ठेका एकदा फिरला. तिनं तोंड उघडलं, सम येऊन गेली, आणि शब्द आला नाही. दुसऱ्यांदा फिरला. उघड्या दारातून आईची कूस बदलल्याचा आवाज आला. ती जागी होती, ऐकत होती, ऐकू दे. वर शिवांगीच्या खोलीत खुर्ची सरकली. तिसऱ्या फेरीत, शेवटच्या दोन मात्रा शिल्लक असताना, विशाखानं मान वर केली आणि हेडफोन लावलेल्या माणसाला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं ती म्हणाली,

"आप्पा, मला डग्ग्याची भीती वाटत नाही. कधीच गेली ती. वाजवा तुम्ही."